टाचण

रविवारी रात्री भांडी आवरून
मी टाचणाची वही उघडते.
घटक : भागाकार. तास : तिसरा. वेळ : पस्तीस मिनिटं.
उद्दिष्ट : विद्यार्थी समान वाटणी करू शकतो.
कुठला विद्यार्थी, ते वही विचारत नाही.
तिच्यात तो कायम एकवचनी,
आंघोळ करून आलेला, पोटभर जेवलेला.

माझे त्रेचाळीस आहेत.
पर्वतीच्या पायथ्याशी, कालव्याच्या अंगाला,
खोली नंबर सहा, चौथी ब.
पस्तीस मिनिटांचे सेकंद करून भागले :
वाट्याला अठ्ठेचाळीस.
बाकी छत्तीस.
त्यात मी फळा पुसते.

बसलिंगचे वडील धायरीच्या साइटवर सेंट्रिंगला.
मी म्हणाले त्रेपन्न, त्यानं लिहिलं ३५.
चौऱ्याहत्तर म्हणाले, तर ४७.
तीन आठवडे मी लाल फुल्या मारत राहिले.
मग एकदा सारसबागेच्या सिग्नलला, गाडीवर,
हेल्मेटच्या आत म्हणून पाहिलं :
त्रे. पन्न.
आधी तीन. मग पन्नास.
पोरगं माझा शब्द न् शब्द
आला त्या क्रमानं झेलत होतं,
अख्ख्या वर्गात बहुधा तेवढं एकटंच.
सिग्नल हिरवा झाला. मागचे रिक्षावाले काय म्हणाले
ते इथे लिहीत नाही.

आणि निखत.
नोव्हेंबरात, मधल्या सुट्टीत, डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली,
"बाई, तुम्ही फळ्याकडे वळलात की गप्प का होता?"
मी गप्प नसते गं.
मी तर तेव्हाच सगळ्यात जास्त बोलते.
डॉक्टरांनी नंतर कागदावर लिहून दिलं, कुठला कान किती टक्के.
जूनपासून ती माझे ओठ वाचत होती,
आणि मी तिला पाठ दाखवून
हातच्याचा एक समजावत होते.
अकरा वर्षांच्या नोकरीत
त्या फळ्यानं माझ्याकडून किती शिकून घेतलं असेल!
आता खेकड्यासारखी तिरकी उभी राहून लिहिते.
अक्षर बिघडलंय. मुख्याध्यापकांनी
शेऱ्यात तसं नोंदवलंय.

सानवी घोगरेची दहाही गणितं
माझी फळ्यावर चौथं लिहून होईतो झालेली असतात.
तिला मी काय दिलं?
वह्या वाटायला दिल्या. खडू आणायला पाठवलं.
दुसरीच्या वर्गावर लक्ष ठेवायला बसवलं.
हुशारीचं बक्षीस म्हणून शिपायाचं काम,
आणि वर पालकसभेत सांगितलं,
फार मदत करते हो.

शिवाजीनगरला प्रशिक्षण झालं मध्ये.
पडद्यावर मोठ्या अक्षरात :
प्रत्येक मूल वेगळं असतं.
हॉलमध्ये आम्ही दोनशे जणी,
सगळ्यांना एकच स्लाइड, एकच समोसा.
माझ्या शेजारणीला मधुमेह होता.
तिनं तो रुमालात गुंडाळून
नातवासाठी पर्समध्ये ठेवला.

प्रज्योत बसत नाही. उभा राहून खिडकीच्या कट्ट्यावर लिहितो,
आणि बरोबर लिहितो.
पहिल्या वर्षी त्याला बसवण्यात जेवढी ताकद घालवली
तेवढ्यात माझे दोन धडे झाले असते.

पण आज अडलेय ती यांच्यापाशी नाही.
वर्णनात्मक नोंदी द्यायच्यात उद्या.
पटावर एकोणिसावी : भैरवी खुडे.
"नियमित येते. नम्र आहे."
तिसरीच्या बाईंनी हेच लिहिलंय.
दुसरीच्यांनीही. शब्द तेच, शाई फक्त वेगळी.
डोळे मिटून तिचा चेहरा आठवू पाहते.
येते ती एक लाल रिबीन,
आणि तीही शेजारच्या मुलीची असेल.
ती कधी चुकली नाही. कधी उठली नाही.
कधी काही मागितलं नाही.
आठ महिने तिचे अठ्ठेचाळीस सेकंद
मी कुणाला देत होते?

घड्याळात साडेअकरा.
नोंदीचा रकाना कोरा ठेवलाय.
टाचणात उद्दिष्टाच्या खाली,
तपासणाऱ्याला दिसू नये इतक्या बारीक अक्षरात,
पेन्सिलीनं लिहिते :
बाकी छत्तीस. भैरवीजवळ बसणे.

फळा प्रज्योत पुसेल.
तो तसाही उभाच असतो.